दोघींची एकच तुकडी

आठवीच्या प्रवेशाचं टेबल दरवर्षी माझ्याच गळ्यात पडतं. शाळा कल्याणची, मी गणिताची बाई, आणि सुट्टी लागल्यावर जिला गावाला जायची सगळ्यात जास्त घाई तिलाच हे काम द्यायचं, असा आमच्या मुख्याध्यापकांचा अलिखित नियम आहे. डोक्यावर पंखा गरम हवा ढवळत असतो. समोर सातवी पास झालेलं लेकरू, त्याच्या दोन बाजूंना आईबाप, मध्ये फॉर्म. संस्कृत, हिंदी की दोन्ही अर्धं-अर्धं? सेमी इंग्रजी की मराठी? मी पोराला विचारते आणि उत्तर आई देते. "संस्कृतच लिहा मॅडम, मार्क पडतात." मी पेन खाली ठेवते. म्हणते, "तुम्हाला नाही विचारलं, त्याला विचारलंय." आई चपापते, बाप मोबाइल काढतो, आणि पोरगं माझ्याकडे असं बघतं की जणू मी त्याचीच चोरी पकडलीय. पण मी थांबते. रांग लांबली तरी थांबते. स्टाफरूममध्ये मला यावरून खाष्ट म्हणतात. म्हणोत बापडे.

खरं सांगायचं तर यात माझा काही मोठेपणा नाही. तेरा वर्षांची असताना एका मुलीच्या फॉर्मवर काय लिहिलं जाणार ते मी परस्पर ठरवून टाकलं होतं, आणि तिनं त्याची किंमत मोजली. तेव्हापासून हे फॉर्म माझ्या डोक्यात जातात.

आमचं गाव भिवंडी-वाडा रस्त्यावर, अंबाडीच्या अलीकडे, फाट्यापासून दीडेक किलोमीटर आत. जिल्हा परिषदेची शाळा सातवीपर्यंत. दोन हजार सालानंतरची ती पहिली काही वर्षं. मे महिना आमच्याकडे नाकानं ओळखायचा. भाताच्या रोपांसाठी पालापाचोळ्याचे राब भाजून झालेले असायचे, शेताच्या एका कोपऱ्यात काळी राख पसरलेली, आणि तिचा वास कपड्यांत, केसांत, अगदी माठातल्या पाण्यातही. त्यात अंगणात वाळत घातलेल्या सुकटीचा वास. गावात एकाआड एक हळदी. लाऊडस्पीकर एका मांडवातून निघाला की दुसऱ्या मांडवात, त्याला बिचाऱ्याला उसंत नाही. पोरं आंब्याखाली, पोरी करवंदीच्या जाळीत. आणि त्या वर्षी माझं कशातच लक्ष नव्हतं, कारण सातवीचा निकाल लागला होता आणि पुढं काय ते ठरत नव्हतं.

वर्गात आम्ही पाच मुली. तिघींचं शिक्षण सातवीलाच आटोपलं, त्याबद्दल गावात कोणी चकार शब्द काढला नाही. उरलो मी आणि पमी.

पमी म्हणजे प्रमिला. आमच्या दोन घरांच्या मध्ये एक शेवग्याचं झाड, एवढंच अंतर. तिचे बाबा भिवंडीत लूमवर, म्हणजे यंत्रमागावर होते, आठवडा-आठवडा तिकडंच राहायचे. लहानपणी ती त्यांच्याबरोबर जाऊन जाऊन कारखान्यातल्या उत्तरेकडच्या कामगारांत इतकी बसली होती की तिची हिंदी ऐकून आमचे गुरुजी चाट पडायचे. आम्ही हिंदी बोलायचो म्हणजे मराठीलाच 'है' जोडायचो. पमी बोलायला लागली की वाटायचं हिचं आजोळ तिकडंच कुठंतरी असावं. पंधरा ऑगस्टला तिनं हिंदीत भाषण केलं, हातात कागद न धरता, तेव्हा सरपंचांनी टोपी काढून कपाळ पुसलं होतं. तिला हिंदीची बाई व्हायचं होतं. हे ती कुणालाही सांगायची, बसच्या कंडक्टरलासुद्धा.

मला सायन्सला जायचं होतं. का, ते नीट सांगता आलं नसतं. माझा मावसभाऊ अकरावी सायन्समधून दोन महिन्यांत परत आला होता, सगळं इंग्रजीत आहे म्हणून, आणि गुरुजी मला म्हणाले होते की तुझं तसं व्हायला नको, आठवीलाच सेमी घे. गणित-विज्ञान इंग्रजीतून. तेवढं वाक्य मी धरून बसले होते.

पोरी पुढं शिकायच्या तर जोडीनं, हा आमच्या आयांचा कायदा. एकटी पोर फाट्यावर उभी राहणार नाही, एकटी बसमध्ये बसणार नाही, एकटी त्या दीड किलोमीटरमधून चालत येणार नाही. अंबाडीला हायस्कूल होतं, पण पमीचे बाबा भिवंडीत, अडीअडचणीला आपला माणूस जवळ असावा, म्हणून भिवंडी ठरली. शाळा धामणकर नाक्याच्या मागच्या बाजूला. पमीच्या बाबांनीच दोन फॉर्म आणले, अंगातल्या बनियनला कापसाचं तूस चिकटलेलं तसंच, आणि ओट्यावर बसून आम्हा सगळ्यांना शाळा समजावून दिली.

"फर्स्ट शिफ्ट सकाळची. तिला सेमी इंग्लिश, वरून संस्कृत. सेकंड शिफ्ट दुपारची, सगळा मराठीतून, आनि फुल हिंदी. कुठली ड्युटी लावायची ते तुमी ठरवा."

माझ्या आईनं विचारलं, "फी सारखीच ना?"

"सारखीच."

"मंग शिफ्ट बघायची फक्त."

आमच्याकडे विषयांची निवड ती अशी. आमच्या आया काही अडाणी नव्हत्या. शेताचं, घराचं, सात गावच्या सोयरिकींचं सगळं गणित त्यांच्या डोक्यात तोंडपाठ. पण शाळेतला विषय ही त्यांच्या लेखी शिफ्टबरोबर आपोआप येणारी गोष्ट होती. बसच्या वेळेबरोबर जसा कंडक्टर येतो तशी. सकाळी गेलीस तर संस्कृत येईल, दुपारी गेलीस तर हिंदी येईल, त्यात निवडण्यासारखं काय आहे? त्यातून पोर घरी कधी येईल एवढंच बघायचं. आज टेबलापलीकडून मार्कांच्या गोष्टी करणाऱ्या शहरातल्या आया बघते तेव्हा वाटतं, फरक फार नाही. त्याही फॉर्ममध्ये पोराला सोडून बाकी सगळं बघत असतात.

पमीच्या आईनं, म्हणजे काकीनं, सातवी पास झाल्याबद्दल वज्रेश्वरीच्या देवीला नारळ बोलला होता. तो फेडायला आम्ही चौघी गेलो. दर्शन झालं आणि बायका निघाल्या गरम पाण्याच्या कुंडावर. मे महिन्यात, भर उन्हात, कढत पाण्यात पाय सोडून बसायचं, आणि वर "बरं वाटतंय" म्हणायचं, हे आमच्या बायकांनाच जमतं. मी आणि पमी पायरीवर टाचा भाजून घेत बसलेलो. तिथं निकाल सुनावला गेला.

"हे बघा," काकी म्हणाली, "शिफ्ट कुठली ती तुमी दोघी ठरवा. आमी मध्ये पडनार न्हाय. पन एकच. एकीची सकाळ नि एकीची दुपार, हे चालायचं न्हाय."

"आणि नाही जमलं तर?" मी विचारलं.

"मंग दोघी घरी," माझी आई म्हणाली आणि पाण्यात अजून एक पायरी खाली सरकली.

पुढचे आठ दिवस आम्ही भांडलो. भांडलो म्हणजे आरडाओरडा नव्हे. पाणी भरताना, कुरडया वाळत घालताना, हळदीच्या मांडवात बायकांच्या पाठीमागं बसून. मी म्हणायचे, सेमी घेतलं की पुढं सगळ्या वाटा मोकळ्या. ती म्हणायची, वाटा तुझ्या, मी त्या वाटेवर काय करू? मी म्हणायचे, हिंदी काय, तुला येतेच, ती शिकायची कशाला? ती म्हणायची, येते म्हणूनच. जे येतं, जे आवडतं, तेच पुढं नेऊन मोठं करायचं, यात वेडेपणा काय होता? पण मला ती हट्टी वाटायची. आपल्याला हवं ते मागणारी दुसरी मुलगी नेहमी हट्टीच वाटते.

फॉर्म द्यायला दोन दिवस राहिले आणि आम्ही डोंगराच्या बाजूला करवंदं काढायला गेलो. उन्हानं जाळी तापलेली, हात ओरबाडलेले, बोटं चिकानं चिकट. पमी म्हणाली, "कोंबडा-कोंबडी करू." हा खेळ आमच्याकडे प्रत्येक पोराला येतो. करवंद दातानं तोडायचं. आतून लाल निघालं तर कोंबडा, पांढरं निघालं तर कोंबडी. तोडण्याआधी ओळखायचं. एरवी आम्ही यावर वाटीभर करवंदं लावायचो, त्या दिवशी शाळा लावली. लाल निघालं तर सकाळ, पांढरं निघालं तर दुपार. तीन करवंदं, ज्याची दोन त्याचा निकाल. शपथ घेतली, गळ्याला हात लावून.

पहिलं लाल निघालं. दुसरं पांढरं. तिसरं पमीनं माझ्याच हातात दिलं, "तूच तोड, मंग म्हनू नको मी लबाडी केली." मी तोडलं. पांढरंफटक.

पमी नाचली नाही, काही नाही. फक्त ओढणीत उरलेली करवंदं माझ्यापुढं केली आणि म्हणाली, "मी तुला हिंदी शिकवीन ना. पहिला नंबर येईल तुझा." परतीच्या वाटेवर तीच बोलत होती. दुपारच्या शाळेत जायचं म्हणजे सकाळी घरचं आवरून जाता येईल, डबा गरम नेता येईल, हिंदीच्या बाहेरच्या परीक्षाही देता येतात म्हणे. मी हो हो म्हणत होते.

ती घरी आंघोळीला गेली आणि मी काकीकडे गेले. काकी मागच्या पडवीत तांदूळ निवडत होती. मी सुपाजवळ बसले, दोन खडे वेचले आणि म्हणाले, "काकी, दुपारची शाळा पावणेसहाला सुटते. बस मिळून फाट्यावर यायला सात वाजतात. थंडीत सातला काळोख असतो." काकीचा हात थांबला. मी पुढं म्हणाले, "सकाळच्या शाळेला दोनला घरी. उजेडी." एवढंच बोलले. एक शब्द खोटा नव्हता. काकीनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "बरा झाला बोललीस पोरी. आमच्या पमीला हे सुचला न्हाय." मी म्हणाले, "पमीला नका सांगू मी आलेले." काकी म्हणाली, "न्हाय सांगत."

तो डोक्यावरून फिरलेला हात मला अजून नको वाटतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पमी आली. "आई सकाळचीच म्हनते. काळोख पडतो म्हनते." मी तोंडाचा आ केला. इतका बेमालूम की मलाच वाटलं मी पहिल्यांदा ऐकतेय. वर आणि म्हणाले, "जाऊ दे गं, मी आहे ना. रोज संध्याकाळी मी तुला शिकवीन. गणित, विज्ञान, सगळं. तुला एकटीला नाही सोडणार." ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "करवंदात मी जिंकलेले." मी म्हणाले, "हो, पण आता काकीच म्हणते तर." अक्षर माझं चांगलं, म्हणून दोन्ही फॉर्म मीच भरले. तिच्या फॉर्मवर हिंदीचा चौकोन होता, तो सोडून खालच्या, संस्कृतच्या चौकोनात मी बरोबरची खूण केली. ती ओट्यावर बसून पाय हलवत होती.

शाळेची पहिली आठवण आवाजाची आहे. आमच्या वर्गाच्या मागच्या भिंतीला लागून लूमचे कारखाने. खटखट, खटखट, सकाळपासून. बाई त्याच्यावर आवाज चढवून शिकवायच्या, आम्ही त्याच्यावर आवाज चढवून उत्तरं द्यायचो, आणि घरी आल्यावरसुद्धा आम्ही ओरडूनच बोलतो म्हणून आई वैतागायची. मला तो खडखडाट आवडायचा. पमीला तर त्यात झोप लागायची, बापाच्या कारखान्यात वाढलेली ना. पण त्या वर्षांत भारनियमन होतं. दिवसातून कधीही लाइट जायची आणि सगळे लूम एका क्षणी गप्प. मग इतकी शांतता व्हायची की आपण एवढा वेळ ओरडत होतो याची लाज वाटायची.

गणेशोत्सवापर्यंत मी पमीला शिकवलं. अगदी मन लावून, शेवग्याखाली पाट टाकून. ती इंग्रजी शब्द आधी मराठीत करायची, मराठीतून गणित समजून घ्यायची, आणि सोडवलेलं परत इंग्रजीत न्यायची. तीनदा डोंगर चढून उतरल्यासारखं. थकायची. मग घटक चाचणीत माझा दुसरा नंबर आला. पहिला आला असता, एका मार्कानं गेला. तो एक मार्क माझ्या डोक्यात बसला. "आज नको गं, उद्या," असं मी एकदा म्हणाले. मग दोनदा. दिवाळीपर्यंत तिनं विचारणं बंद केलं होतं. मला हायसं वाटलं. हे लिहायला बरं वाटत नाही, पण वाटलं होतं खरं.

एक दिवस वर्गात लाइट गेली. बीजगणिताचा तास होता. लूम थांबले आणि नेमकी त्याच क्षणी पमी माझ्या कानात विचारत होती, खडखडाटात विचारतात तशी, मोठ्यानं, "हे कायच कळत न्हाय गो, काय सांगतेत ह्या?" सगळ्या वर्गानं ऐकलं. पोरं हसली. बाई आमच्या बाकाकडे बघायला लागल्या. आणि मी, तिच्याच बाकावर बसलेली, फळ्याकडे बघत राहिले, जसं काही शेजारी कोणी नाहीच. दुसऱ्या दिवसापासून मी पहिल्या बाकावर बसायला लागले. डोळ्यांना नीट दिसत नाही, असं बाईंना सांगितलं. बसमध्ये मात्र आम्ही शेजारीच बसायचो, कायदाच होता.

त्याच वर्षी प्रजासत्ताक दिनाला दोन्ही सत्रं एकत्र होती. कुणीतरी पमीला हिंदीत बोलायला उभं केलं. ती बोलली. एरवी बेल वाजली तरी गप्प न होणारं मैदान गप्प झालं. खाली उतरल्यावर दुपारच्या सत्राच्या हिंदीच्या बाई तिच्याकडे चालत आल्या, तिच्या खांद्यावर हात ठेवला. "कुठल्या तुकडीत आहेस तू? माझ्या वर्गात कशी नाहीस?"

पमी म्हणाली, "शिफ्ट जमली न्हाय, बाई."

मी तिथंच उभी होते, हातात तिची वही धरून. बाई हळहळल्या, "अरेरे," म्हणाल्या आणि गेल्या. पमीनं माझ्या हातातून वही घेतली आणि आम्ही बस पकडायला निघालो. वाटेत तिनं शेंगदाणे घेतले, मला अर्धे दिले.

आठवीतून ती कशीबशी निघाली. नववीत गणितात आणि विज्ञानात नापास. काकी म्हणाली, "बास झाला आता." पमीचे बाबा म्हणाले की पुन्हा नववीला बसव, पण काकी म्हणाली, कुणाबरोबर जाईल? वैशी, म्हणजे मी, दहावीला जाईल, तिचे जादा तास, तिची वेळ वेगळी. मी त्या रात्री रडले, खरोखर रडले. पण जूनमध्ये शाळा सुरू झाली तेव्हा गावातून आठवीला दोन नव्या पोरी यायला लागल्या होत्या; आम्ही दोघी दोन वर्षं जाऊन धडधाकट परत आलो हे बघून त्यांच्या आयांनी धीर केला होता. माझ्या सोबतीचा प्रश्न मिटला. कायदा पाळला जात होता. पमी सकाळी सहाला उंबऱ्यात उभी असायची, दात घासत. मी हात करायचे. ती पण करायची.

पुढचं सांगण्यासारखं फार नाही. मी बारावी झाले, पदवी झाली, बी.एड. झालं. सायन्सला जायचं होतं ते गेले आणि शेवटी शाळेतच परत आले. तिचं लग्न झालं, वज्रेश्वरीला. नवऱ्याचं नारळ-ओटीचं दुकान. गेले दोन-तीनदा. ती दुकानाच्या पुढ्यात उभी राहून लांबून आलेल्या भाविकांशी हिंदीत बोलत होती, आणि ती माणसं नारळ घेऊन झाल्यावरसुद्धा हलत नव्हती. मी देवळाच्या पायरीवर बसून ऐकत राहिले होते. कल्याणच्या माझ्या शाळेत हिंदी शिकवणाऱ्या बाई आहेत, चांगल्या आहेत. पण पमी बोलते तसं त्यांना येत नाही. हे माझ्या डोक्यातून जात नाही, काय करू?

कुणी म्हणेल, तेरा वर्षांच्या पोरीचं एवढं काय मनावर घ्यायचं? दोष तुझा थोडाच, दोष त्या शाळेच्या वेळापत्रकाचा, रस्त्याचा, आयांच्या कायद्याचा. मीही स्वतःला हेच सांगत आले. हिंदी आणि सेमी एकाच सत्रात ठेवायला त्या शाळेचं काय जात होतं? सातला फाट्यावर एक दिवा लावायला कुणाचं काय जात होतं? सगळं खरं आहे. पण काकीच्या सुपाजवळ जाऊन बसले ती मीच होते ना.

या वर्षी प्रवेशाचं टेबल संपवून मी गावाला गेले. चुलत भावाची हळद. राबाचा तोच वास. आता निम्म्या शेतांवर गोदामं उभी राहिलीत, तरी कुठून येतो कुणास ठाऊक. मांडवात डीजे इतका मोठा की छातीत धडधडत होतं, म्हणून मी मागच्या पडवीत जाऊन बसले. थोड्या वेळानं पमी आली. हाताला हळद, पदर खोचलेला, अंग सुटलंय आता. टेकून बसली, पाय लांब केले.

"तनूचा आठवीचा फॉर्म भरला?" मी विचारलं. तनू तिची थोरली, सातवी झाली.

"भरला ना. तिनंच भरला."

"काय घेतलं?"

"संस्कृत," पमी म्हणाली आणि हसायला लागली. "संस्कृत घेतला कार्टीनं. माझ्या ओठावर आला होता, हिंदी घे म्हनून. गप बसले. तिचा ती बघेल."

तोंडात आलं ते मी बोलले. "गणितात काही अडलं तर माझ्याकडे पाठव. सुट्टीत पाठव. मी शिकवीन."

बोलले आणि जीभ चावावी असं झालं. पमी माझ्याकडे बघत होती. रागानं नाही, जशी गिऱ्हाइकाकडे बघते तशी, सवयीनं.

"नको," ती म्हणाली. "क्लास लावलाय तिला."

मांडवात डीजेवर गाणं बदललं. मला वाटलं, आता नाही तर पुन्हा कधी नाही. वीस वर्षं तोंडात घेऊन हिंडतेय मी हे.

"पमे, तुला एक सांगायचंय. त्या फॉर्मच्या वेळी, करवंदांनंतर, मी काकीकडे गेले होते. काळोखाचं मीच तिच्या डोक्यात भरवलं."

"ठाव हाय."

"काय?"

"ठाव हाय मना. आईनं त्याच सांजंला सांगितला. जेवायला बसलो तवा. तिच्या पोटात कुठं काय ऱ्हातंय?" तिनं बोटांवरची सुकलेली हळद चोळून काढली. "वैशी आपल्या घरची असल्यासारखी काळजी करते, म्हनत होती."

म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी मी तोंडाचा आ केला तेव्हा तिला सगळं माहीत होतं. मी फॉर्म भरत होते तेव्हा माहीत होतं. शेंगदाणे अर्धे दिले तेव्हाही. मला पडवीतून उठून कुठंतरी निघून जावंसं वाटलं.

"मग बोलली का नाहीस? भांडायचं ना माझ्याशी."

"भांडले असते तर आईनं दोन्ही फॉर्म चुलीत घातले असते. मना शाळंत जायचा होता, वैशे. कुठल्याबी शिफ्टला."

"राग नाही आला?"

"आलता ना. जाम आलता." तिनं डोळे बारीक केले, खरंच तपासून बघत असल्यासारखे. "हाय अजून. थोडा."

मी मान हलवली. तिनं नाही म्हटलं असतं तर मला ते खरं वाटलं नसतं. पण एक गोष्ट मला कळेना, आणि न विचारता राहवेना.

"मग दोन वर्षं रोज बसमध्ये माझ्या शेजारी कशी बसलीस गं?"

पमीनं गुडघ्यावर हात टेकले आणि उठून उभी राहिली. मांडवातून तिला कुणीतरी हाक मारत होतं.

"मंग कुनाशेजारी बसनार? मना दुसरी होती कोन?"

ती मांडवात गेली. तिला दुसरी कोणी नव्हती. तिची शाळा कायमची सुटल्यावर त्याच बसमध्ये माझ्या शेजारी बसायला मला दोघी मिळाल्या होत्या, आणि त्या सकाळी सहाला फाट्याकडे जाताना रोज तिच्याच दारावरून जायच्या. त्यांच्याबरोबर पमीही जाऊ शकेल, हे सांगायला मात्र मी काकीच्या सुपाजवळ गेले नव्हते.